धुळे–पुणे विमानाने ५१ मिनिटं?? जळगाव–पुणे प्रवासाचा खरा वेळ किती धरायचा?

बोरीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आईला अमळनेरहून पुण्याला न्यायचं आहे. भाऊ चिंचवडला असतो, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन तिकडेच ठरलंय. भावाचं म्हणणं, "जळगावहून विमानाने घेऊन ये, तासाभराचा तर प्रवास."

म्हणून नेटवर अंतर बघायला बसले आणि डोकं चक्रावलं. एका साइटवर लिहिलंय, धुळे ते पुणे हवाई अंतर २७५ किमी, विमानप्रवासाचा वेळ ५१ मिनिटं. धुळ्याहून पुण्याला विमान कुठून आलं? त्याच साइटवर जळगाव–पुणे ३१९ किमी, ५४ मिनिटं. तिकिटाच्या साइटवर मात्र जळगाव–पुणे एक तास दहा मिनिटं. आणि आमचे शेजारी म्हणतात, पुरा दिवस धरून चला.

यातलं खरं कोणतं? मला घरातून निघून घरात पोचेपर्यंतचा हिशोब हवाय. आईला जिना चढता येत नाही, पंधरा-वीस पावलं टाकली की बसावं लागतं. त्यामुळे पैशापेक्षा त्रास किती, हे महत्त्वाचं.

---

पांझरेचा_पोऱ्या

आमना धुयाले इमान कव्हय उनं भो? माले त कोन्ही सांगंच नही!

ताई, गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिथे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडतात. शिरपूरजवळ तांड्याला पण धावपट्टी आहे, तिथेही वैमानिक प्रशिक्षणच. तिकीट काढून बसायचं विमान धुळे जिल्ह्यात नाही. आम्हाला पण जळगावच गाठावं लागतं, पारोळा-एरंडोल करत ९५ किमी.

---

वर्गमूळ

या साइटी कशा चालतात ते सांगतो. त्यांच्याकडे प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश असतात. दोन गावं टाका, पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात कमी अंतर काढतात. मग त्याला ताशी ८०० किमीने भागायचं आणि वर चढण्या-उतरण्याची सरसकट ३० मिनिटं टाकायची. ३१९ भागिले ८०० म्हणजे २४ मिनिटं, अधिक ३०, झाली ५४. धुळ्याचे २७५ टाकून बघा, बरोबर ५१ येतात. तिथे विमानतळ आहे की ज्वारीचं शेत, याच्याशी त्या गणिताला काही देणंघेणं नाही. मारवड ते मंचर टाकलं तरी ते मिनिटं देतील.

अंतराचा आकडा मात्र खोटा नसतो. जळगावचा विमानतळ (कुसुंब्याचा) आणि पुण्याचा लोहगावचा, यांच्यात सरळ रेषेत ३१९ किमीच आहेत. मी स्वतः अक्षांश-रेखांश घेऊन काढलेत. तसंच जळगाव–मुंबई ३५५, जळगाव–अहमदाबाद ३८८, जळगाव–हैदराबाद ५०८, जळगाव–गोवा (मोपा) ६०९. किलोमीटर-दोन किलोमीटर इकडेतिकडे.

चूक आहे ती ८०० मध्ये. तो वेग जेटचा. जळगावला जेट येतंच नाही.

---

रॅम्पवरचा_म्हातारा

वर्गमूळ यांनी पहिलं अर्धं सांगितलं, उरलेलं मी सांगतो. नोकरीची बरीच वर्षं विमानतळावर ग्राउंडला काढली, आता जळगावात निवृत्त.

जळगावची धावपट्टी जेमतेम पावणेदोन किलोमीटरची. एअरबस-बोइंगला ती अपुरी. इथे येतं ते एटीआर ७२, पंख्याचं विमान, सत्तरेक प्रवाशांचं. त्याचा सगळ्यात जास्त वेग २७५ नॉट (तासाला २७५ नॉटिकल मैल), म्हणजे ताशी ५१० किमीच्या आसपास. जेटपेक्षा तीनशेने कमी. पण जवळच्या पल्ल्याला तेच परवडतं, इंधन कमी पितं आणि लहान धावपट्टीवरून उठतं.

आता ३१९ किमी म्हणजे १७२ नॉटिकल मैल. २७५ ने भागलं तर साडेसदतीस मिनिटं. पण विमान चाकं उचलल्या क्षणी २७५ ला लागत नाही. चढताना वेग बराच कमी, उतरताना पुन्हा कमी. एवढ्याशा पल्ल्यात नीट वेगात जाण्याचा तुकडा छोटाच राहतो. शिवाय ते सरळ रेषेत जात नाही, हवेतही ठरलेले मार्ग आणि वळणाचे बिंदू असतात. आणि उतरताना धावपट्टीच्या तोंडाला यायला वळसा घालावाच लागतो, कारण धावपट्टी काही जळगावकडे तोंड करून बांधलेली नसते. एकूण हवेत पन्नास मिनिटांच्या आसपास जातात.

तिकिटावर जे लिहितात तो हवेतला वेळ नसतोच. उभ्या जागेवरून चाक हललं तिथपासून पलीकडे उभं राहीपर्यंतचा वेळ असतो. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणायचो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आलं, परवानगीसाठी थांबणं आलं. पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ. लढाऊ विमानांचे सराव सुरू असले की नागरी विमानाला थांबावं लागतं. म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवतात. आणखी एक कारण आहे. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत विमान पोचलं तर ते 'वेळेवर' मोजतात, आणि तो हिशोब दर महिन्याला छापून येतो. मग वेळ थोडा सैल लिहिलेला बरा.

त्यामुळे ५४ मिनिटं हे गणित, एक तास दहा हे वेळापत्रक. ताईंना हवा तो तिसरा आकडा यातून निघत नाही.

---

पिंपरीचा_खान्देशी

तिसरा आकडा मी देतो, कारण आम्ही दर सणाला हेच करत बसतो. आमच्या सोसायटीत निम्मे फ्लॅट चोपडा-यावल-पारोळ्याचे आहेत. दिवाळीत खाली पार्किंगमध्ये याच विषयावर भांडणं होतात.

अमळनेरहून विमानतळ: धरणगाव मार्गे जळगाव, मग शहर ओलांडून संभाजीनगर रस्त्याने कुसुंबा. आई गाडीत असताना सावकाश चालवाल, पावणेदोन तास धरा. बहुतेक कंपन्यांचा चेक-इन काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, त्यामुळे दीड तास आधी पोचायलाच हवं. विमान एक तास दहा. लोहगावला सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत अर्धा तास. लोहगाव ते चिंचवड वीसेक किलोमीटर, पण विश्रांतवाडी, दिघी, भोसरी असं करत संध्याकाळी तासापेक्षा जास्त लागतो.

म्हणजे सहा तास. विमान वेळेवर असेल तर.

हाच प्रवास जळगावात जिल्हापेठेतून निघून विमाननगरात उतरणाऱ्याचा असेल तर सव्वातीन-साडेतीन तासांत होतो. विमान तेच, ३१९ किमी तेच. दोन्हीकडची टोकं बदलली की प्रवास जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून कोणी "विमानाने किती लागतात" विचारलं की मी आधी विचारतो, कोणत्या गल्लीतून कोणत्या गल्लीत?

---

डाऊन_मेल

भुसावळचा माणूस आहे, रेल्वेची बाजू घेणार हे गृहीत धरा.

पण आधी विमानाच्या बाजूचा मुद्दा मीच सांगतो, कारण तो इथे कोणी मांडला नाही. जळगाव–मुंबई रेल्वेने ४२० किमी आणि हवेतून ३५५. फार फरक नाही, रूळ बऱ्यापैकी सरळ जातात. जळगाव–पुणे बघा. मनमाडपर्यंत १६०, मनमाड ते दौंड २३७ च्या आसपास, दौंड ते पुणे ७५. बेरीज ४७० च्या वर. कल्याणवरून वळून जाणारी गाडी घेतली तर पाचशे ओलांडतात. हवेतून ३१९! पुणं आपल्या दक्षिण-नैर्ऋत्येला, आणि गाडी आधी पश्चिमेला मनमाडला जाते, तिथून खाली दौंडला, मग पुन्हा पश्चिमेला. रस्त्यानेही संभाजीनगर-नगर करत चारशेच्या आसपास पडतात. म्हणून पुण्याला विमानाचा जो फायदा आहे तो मुंबईला नाही. मुंबईला तर राजधानी पाच तासांच्या आतबाहेर नेते, आणि कल्याणला थांबते. डोंबिवली-कल्याणच्या माणसाने सांताक्रूझला उतरून उलटं यायचं कशाला?

आता रेल्वेची बाजू. ऑगस्ट २०२५ पासून अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारत सुरू आहे, आठवड्यातून सहा दिवस. नागपूरहून सकाळी दहाच्या सुमारास निघते, पुण्यात रात्री दहाच्या सुमारास. भुसावळ, जळगाव दोन्हीकडे थांबते. जळगाव–पुणे साडेसहा तासांच्या आत. अमळनेर ते जळगाव स्टेशन सव्वा-दीड तास, अर्धा तास आधी पोचणं, पुण्यात स्टेशनवरून चिंचवड रात्री पाऊण तास. नऊ तास.

सहा विरुद्ध नऊ. विमान तीन तास वाचवतं. भाऊ म्हणतो तसं "तासाभराचा प्रवास विरुद्ध पुरा दिवस" असं काही नाही. शिवाय गाडीत बसल्यावर आईंना साडेसहा तास उठायचं कारण नाही, आणि संडास दहा पावलांवर.

---

कळणा_भाकर

ट्रॅव्हल्सचं नाव कोणी काढलं नाही अजून! स्लीपरमध्ये रात्री दहाला आडवं व्हायचं, सकाळी वाकडला डोळे उघडायचे. आम्ही आयुष्यभर तेच केलं.

(आईचं वय पंचाहत्तरच्या वर असेल तर एसटी राज्यभर फुकट. पण गुडघ्यांचा विषय आहे, तिथे एसटी नको.)

---

पिंपरीचा_खान्देशी

@कळणा_भाकर, गुडघे धड नसलेल्या बाईला स्लीपरच्या बर्थवर चढवणार कसं? आणि रात्री तीनला ढाब्यावर थांबली की उतरवणार कसं? आपल्यासारख्यांना ट्रॅव्हल्स ठीक.

---

बोरीकाठची

सगळ्यांचे आभार, आता कुठे चित्र दिसायला लागलं. डाऊन_मेल, तीन तासांचं गणित पटलं.

पण आता वेगळीच भीती. भाऊ म्हणतो विमानतळावर व्हीलचेअर मिळते, काही चालावं लागत नाही. विमानात चढायचं कसं? मुंबईला बोगद्यासारख्या पुलावरून थेट विमानात जातात तसं जळगावला आहे का?

---

रॅम्पवरचा_म्हातारा

ताई, हा प्रश्न वेळेपेक्षा महत्त्वाचा. नीट वाचा.

एटीआरला तो पूल लावत नाहीत, विमान बुटकं असतं. प्रवाशांचं दार मागच्या बाजूला, आणि दाराच्याच आतल्या बाजूला पायऱ्या असतात. दार खाली उघडलं की तोच जिना. चार-पाच पायऱ्या, पण अरुंद आणि उंच. धडधाकट माणसाला काही वाटत नाही. दुखऱ्या गुडघ्याला एकेक पायरी डोंगर.

व्हीलचेअर मागताना नुसतं "व्हीलचेअर हवी" म्हणू नका. तिचे तीन प्रकार नोंदवतात. पहिला, डब्ल्यूसीएचआर: पायऱ्या चढता येतात, लांब चालता येत नाही. दुसरा, डब्ल्यूसीएचएस: चालता थोडं येतं, पायऱ्या चढता येत नाहीत. तिसरा, डब्ल्यूसीएचसी: सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं. लोक काही न सांगता तिकीट काढतात, यंत्रणा पहिला प्रकार टाकते, आणि मग ऐन विमानाच्या पायथ्याशी मुलगा आणि लोडर मिळून आजीला उचलताना दिसतात. हे मी फार वेळा पाहिलंय. आईंसाठी दुसरा प्रकार सांगा, निदान ४८ तास आधी. तिकीट काढल्यावर फोन करून पक्कं विचारा: जळगावला आणि पुण्याला, दोन्हीकडे रॅम्प किंवा उचलून चढवायची सोय आहे का? एकीकडची सोय दुसरीकडे असेलच असं नाही. उत्तर ईमेलवर मागून घ्या.

सीट मागच्या भागातली घ्या, दार मागेच असल्यामुळे आत चालणं कमी. आणि एटीआरमधली वाट अरुंद असते, तिथे साधी व्हीलचेअर जात नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. एप्रिल-मेमध्ये जायचं असेल तर दुपारची वेळ शक्यतो टाळा. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ, विरळ हवेत पंखांना उचल कमी आणि इंजिनाला दम कमी. तेवढीच धावपट्टी अशा दिवशी तोकडी पडते, मग वजन कमी करावं लागतं. कधी सामान मागे राहतं, कधी चार माणसं. आईंच्या औषधांची पिशवी हातातच ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

---

केळीवाला_रावेर

चांगला धागा. थोडं विषयांतर करतो, माफी असावी.

आमचा पोरगा दुबईला आहे. मुंबईहून जाताना तिकिटावर निघायची वेळ चार वाजता, पोचायची पावणेसहा. म्हणजे पावणेदोन तास. येताना तेच विमान, तीच कंपनी, सव्वाचार तास दाखवतं. आमचे वडील म्हणायचे, जाताना उतार असेल! वर्गमूळ भाऊ, सांगा बरं.

(आमची केळी दुबईला जातात तेव्हा असला घोळ होत नाही. समुद्राने जातात, थंड कंटेनरमध्ये. दिवसांत मोजायचं, तासांत नाही.)

---

वर्गमूळ

वडिलांचं उत्तर आवडलं :)

तिकिटावर दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या घड्याळाच्या असतात. दुबई आपल्या दीड तास मागे. मुंबई–दुबई १९३० किमीच्या आसपास, जाताना खरे सव्वातीन तास लागतात. त्यातून दीड तास वजा झाला की पावणेदोन दिसतात. येताना खरे पावणेतीन तास, त्यात दीड मिळवला की सव्वाचार.

तरी जाता-येता अर्ध्या तासाचा फरक उरतोच, तो वाऱ्याचा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात, हिवाळ्यात जास्त जोरात. दुबईला जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून. मुंबई–लंडन ७२०० किमी, तिथे जाता-येता फरक आणखी वाढतो.

जळगाव–पुण्याला मात्र वारा फार छळत नाही. समोरून ३० नॉटचा वारा धरला तरी चार-पाच मिनिटं वाढतात. एवढ्या छोट्या पल्ल्यात वाऱ्यापेक्षा भोसरीचा सिग्नल जास्त वेळ खातो.

---

तापीपल्याड

बाकी सगळं ठीक, पण हे सगळे विमान उडालं तर या हिशोबावर बोलतायत. मी जरा थंड पाणी ओततो.

जळगावचा विमानतळ २०१२ साली प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते सुरू झाला, तेव्हा त्या राष्ट्रपती होत्या. आपल्याच जिल्ह्याच्या. नियमित विमान यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. उडान योजनेत एअर डेक्कनचं एकोणीस सीटचं विमान मुंबईला सुरू झालं आणि बंद पडलं. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, अहमदाबाद–जळगाव–मुंबई. तीही गेली. मग २०२४ मध्ये फ्लाय नाइन्टीवन आणि अलायन्स एअर आल्या आणि गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई जोडली गेली. मधली वर्षं टर्मिनल झाडून-पुसून बसलेलं. म्हणून मी वेळापत्रकावर नाही, प्रवासाच्या आठवड्यातल्या बुकिंगवर विश्वास ठेवतो.

या विमानांचे वारही ठरलेले असतात. तुमच्या ऑपरेशनची तारीख मंगळवारी आणि विमान सोमवारी नसलं तर? एकदा आमचं विमान ऐन वेळी रद्द झालं. पैसे परत मिळाले, पण त्या पैशात पुण्यात पोचता येत नाही. पावसाळ्यात एकदा ढगांमुळे वरच घिरट्या घातल्या. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने तेच.

दवाखान्याची तारीख असेल तर विमान आदल्या दिवशीचं नाही, दोन दिवस आधीचं धरा. म्हणजे रद्द झालं तरी गाडी आहे. हे दोन दिवस धरले की तुमचे वाचलेले तीन तास कुठे गेले ते बघा.

---

रॅम्पवरचा_म्हातारा

तापीपल्याड कडू बोलतात पण खोटं नाही. एक मात्र सांगतो, लहान कंपनीकडे विमानं मोजकी असतात. सकाळी हैदराबादला काही बिघडलं की संध्याकाळचं पुणं ढासळतं, कारण तेच विमान फिरत असतं. म्हणून दिवसाच्या पहिल्या फेरीचं तिकीट मिळालं तर घ्या.

आणि विमानतळ झाडून-पुसून बसलाय असं आता म्हणू नका. प्रशिक्षण संस्थांसाठी २०२१ मध्ये देशात पाच विमानतळ निवडले, त्यात जळगाव होतं. दिवसभर पोरं घिरट्या घालत असतात.

---

सातपुड्याच्या_पायथ्याशी

नंदुरबारवाल्यांची कोणी दखलच घेत नाही! आम्हाला जळगाव विमानतळ म्हणजे उलटी दिशा. आम्ही सुरतेला जातो, रेल्वेने दीडशे-एकशेसाठ किमी, आणि २०१९ पासून तिथून शारजासुद्धा आहे. पुण्याला जायचं तर रात्रीची बस. कागदावर नंदुरबार–पुणे हवाई अंतर त्या साइटवर असेलच, आणि मिनिटंही असतील.

चाळीसगाववाल्यांचंही तेच. त्यांना संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ जवळ, मध्ये कन्नडचा घाट. तिथे अवजड वाहनांना बंदी आहे, त्यामुळे कारला बरं झालंय. पण पुण्याला जायचं असेल तर संभाजीनगरपर्यंत पोचलेला माणूस विमान कशाला शोधेल, पुढे गाडीनेच जाईल.

---

कळणा_भाकर

पंधरा किलो सामानात भरिताची वांगी किती बसतात, हे कोणी सांगेल का? बामणोदची, जरा मोठी असतात.

---

पिंपरीचा_खान्देशी

बसतात. पण चिंचवडला उतरलात की सोसायटीला कळतं, आणि संध्याकाळपर्यंत एकही उरत नाही.

---

बोरीकाठची

भावाला हा सगळा धागा पाठवला. रात्री फोनवर तासभर बोललो.

जाताना वंदे भारत ठरलंय, ऑपरेशनच्या तीन दिवस आधीची. कारण सांगते. विमानाच्या सहा तासांत आईला गाडीतून उतर, खुर्चीत बस, तपासणीला उभी राहा, खुर्ची, पायऱ्या, सीट, पुन्हा पायऱ्या, खुर्ची, टॅक्सी, असं किमान आठ-नऊ वेळा उठबस करावी लागेल. वंदे भारतच्या नऊ तासांत चार वेळा. तिच्या गुडघ्यांना तास कळत नाहीत, उठबस कळते. जळगाव स्टेशनवरही व्हीलचेअर सांगून ठेवतेय.

मी मात्र मधल्या आठवड्यात एकटी घरी येऊन परत जाणार आहे, मुलांची परीक्षा आहे. तेव्हा विमान घेईन. पहिल्या फेरीचं.

---

डाऊन_मेल

जळगाव स्टेशनवर गाडी कोणत्या फलाटाला लागते ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, आणि लिफ्ट त्या फलाटाला जवळ आहे का तेही. वंदे भारतला थांबा अगदी थोडा असतो. डबा कुठे येईल तिथेच आईंना आधी बसवून ठेवा. दारं आपोआप बंद होतात, आपल्या पॅसेंजरसारखं धावत धरता येत नाही.

---

भुसावळ_टू_हायटेकसिटी

याच धाग्यात विचारतो. मला महिन्यातून एकदा हैदराबाद गाठावं लागतं. त्याचा हिशोब काय पडतो?

---

डाऊन_मेल

तुझ्या बाबतीत रेल्वेवाला असूनही सांगतो, विमान. जळगाव–हैदराबाद हवेतून ५०८ किमी. रेल्वेने आधी मनमाड, तिथून अजिंठा एक्स्प्रेस. मनमाड ते सिकंदराबाद सहाशेवीसच्या आसपास, वर आपले १६०, भुसावळहून आणखी २४. आठशे झाले. गाडी बदलायची ती वेगळी. एक रात्र पूर्ण जाते. एटीआरला तिथे सव्वा ते दीड तास लागतो. रूळ जितके वाकडे तितकं विमान फायद्याचं, आणि हैदराबादला ते पुण्यापेक्षाही वाकडे आहेत.

---

वर्गमूळ

हिशोब करून पाहिला. रेल्वेचं अंतर भागिले हवाई अंतर: मुंबई १.१८, पुणे १.४८, हैदराबाद १.५४.

---

भुसावळ_टू_हायटेकसिटी

मग ठरलं. पण शमशाबादच्या विमानतळाहून हायटेक सिटीला अजून तास लागतो, तो धरा.